एम.ए.ला क्लिनिकल सायकॉलॉजी घ्यावी की कौन्सेलिंग? कोल्हापुरातच राहायचं आहे.

"क्लिनिकलला मान असतो, कौन्सेलिंगला नाही, असं सगळे म्हणतात" हे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसले. हे 'सगळे' माझ्या घरातच आहेत. मावसबहीण क्लिनिकलवाली, एम.फिल. करून पुण्यात असते. लग्न असो, बारसं असो, तिचं पालुपद ठरलेलं: "तुमचं काय बाई, गोड बोलायचं नि फी घ्यायची."

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका छावणीत आम्ही समुपदेशक जात होतो. तिथे साठीचे एक शेतकरी होते, दोन म्हशी दावणीलाच गेलेल्या. दिवसा हात थरथरायचे, घाम फुटायचा. रात्री "म्हसरं सोडा" म्हणत उठून पळायचे, भिंतीवर किडे दिसतात म्हणायचे. लोक म्हणाले, धक्का बसलाय. एकाचं मत, बाहेरचं आहे, पाणी उतरलं की नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळात न्या. मला पाठवलं होतं दुःख हलकं करायला. मी त्यांच्या सुनेला बाजूला घेतलं. "मामा रोज घेत होते का?" ती खाली बघून म्हणाली, "रोजची. पूर आल्यापासनं मिळंना झालीया."

वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-चार दिवसांत हे होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावतोही. निम्मे रस्ते पाण्याखाली होते, तरी डॉक्टरांच्या मागे लागून रुग्णवाहिका काढायला लावली. मामा शुद्धीवर आले, सुनेला ओळखू लागले, मग म्हशींसाठी रडले. माझं काम तिथून सुरू झालं.

मावसबहीण म्हणते, तुक्का लागला. अहो, समोरच्याला आधी डॉक्टर लागतोय का हे ओळखणं आमच्या मॅडमनी घोटून घेतलं होतं.

आता तुमचं. पदवीवर 'क्लिनिकल' छापलं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत बसायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेलं शिक्षण लागतं. नुसतं एम.ए. करून तशी पाटी लावणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. आजवरचा रस्ता एम.ए.नंतर दोन वर्षं एम.फिल. असा होता. यूजीसीने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, क्लिनिकलच्या प्रवेशांना २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणजे सीनियर सांगतील तो रस्ता तुमच्यासाठी उघडा असेलच असं नाही. चाचण्या, निदान, वॉर्डातले रुग्ण यांची ओढ असेल तर क्लिनिकल घ्या. शाळा-कॉलेजं, नवरा-बायकोची भांडणं, व्यसनाने पोखरलेली घरं यांत काम करायचं असेल तर कौन्सेलिंग. मानासाठी निवडत असाल तर दोन्ही नको, बँकेच्या परीक्षा द्या.

हां, स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशी केस समुपदेशकाने एकट्याने अंगावर घेऊ नये. बहिणीचं तेवढं बरोबर आहे. आणि इथे नुसत्या कौन्सेलिंगवर सुरुवातीला घर चालत नाही. आमच्याकडे मिस्टरांचा पगार होता म्हणून निभावलं.

कॉलेजात एकच विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास बसवता, आणि तेव्हा देखरेखीला कोण असतं? उत्तर गोलमाल आलं तर फी भरू नका, विषय कुठलाही असो.