‘तू ज्यू नाहीस’ म्हणणाऱ्या आतेभावाला काय सांगू?

‘ताई, मी ठाण्यात राहते, वय 31, बँकेत नोकरी. बाबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे. आई पनवेलची, मराठा. लग्न रजिस्टर झालं, आईने धर्म बदलला नाही, पण घर बाबांच्या रीतीने चाललं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे मी लावते. मध्यंतरी अश्दोदहून मोठा आतेभाऊ सहकुटुंब आला होता. मुलीच्या लग्नाचा नवस फेडायचा म्हणून आमच्याकडे मलिदा केला. तिथे सगळ्यांसमोर तो म्हणाला, “मामा ज्यू होते, तू नाहीस. आई ज्यू नसेल तर मूल ज्यू होत नाही. आणि धर्माच्या 613 आज्ञांपैकी तू पाळतेस तरी किती?” आई उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री म्हणाली, माझ्यामुळे तुझं अडलं. इकडे ऑफिसात एक जण येता-जाता म्हणतो, “तुमचं काय बाबा, तुम्ही देवाने निवडलेली माणसं!” म्हणजे मी त्यांच्यातली नाही, पण टोमणे मात्र माझ्या वाट्याला. दिवे लावणं बंद करू का? की रीतसर धर्मांतर करून मोकळी होऊ? आत्याशीही बोलणं थांबलंय. ती 1963 साली लग्न होऊन तिकडे गेली, आता अंथरुणाला आहे.’

पोरी, मी ज्यू नाही. तू ज्यू आहेस की नाही याचा निकाल देण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. पण धर्मशास्त्र, घरातला अपमान आणि ऑफिसातला आगाऊपणा हे सगळं तू एकाच गाठोड्यात बांधलं आहेस. ते सोडवू या.

आतेभाऊ बोलला तो नियम खराच आहे. परंपरेने चालणारं ज्यू धर्मशास्त्र मुलाचा धर्म आईवरून ठरवतं. त्यावर त्याच्याशी वाद घालू नकोस, हरशील. पण तो ज्या देशातून आला तिथेसुद्धा हे इतकं सरळ नाही. इस्राएलचा परतीचा कायदा 1950चा. 1970 साली त्यात दुरुस्ती झाली, आणि ज्यू माणसाच्या मुलांना आणि नातवंडांनाही तिथे जाऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. म्हणजे बाबांच्या नावावर तुला तिथे घर करता येईल. लग्न मात्र तिथे धर्मपीठाच्या हातात असतं, आणि ते धर्मपीठ तुला ज्यू म्हणून उभं करणार नाही. एकाच देशाचं एक खातं ‘ये’ म्हणतं, दुसरं ‘थांब’. अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तर 1983 साली ठरवलं की आईबापांपैकी कुणीही एक ज्यू असेल आणि मूल त्या रीतीने वाढलं असेल तर ते ज्यूच. तेव्हा ‘तू ज्यू आहेस का’ या प्रश्नाचं उत्तर, विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय यावर पुष्कळ अवलंबून आहे. आतेभाऊ ना धर्मपीठ, ना पासपोर्ट ऑफिस. तो मलिद्याला आलेला पाहुणा.

आणि मलिदा हा काय प्रकार आहे, याचा त्यानेच जरा विचार करावा. गोड पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं, मधोमध एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. त्या 613 आज्ञांत मलिदा कुठेच नाही. युरोपातल्या ज्यूंनी तो कधी पाहिलाही नव्हता. तो कोकणात घडला, अलिबागजवळ एलियाहू हनाबीच्या टापावर नवस बोलणाऱ्या माणसांनी घडवला. विमानाचं भाडं भरून तो माणूस जे करायला ठाण्याला आला ते ग्रंथातलं नाही, घरातलं आहे. त्याच घरात बसून त्याने तुला ग्रंथ दाखवला!

आत्या 1963 साली गेली, हे तू शेवटी जाता जाता लिहिलं आहेस. मला पत्रातलं तेच वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटलं. 1962 साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने, सेफार्दी मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात, लग्न नोंदवणाऱ्यांना फर्मान काढलं होतं : बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायला आली, तर तिची आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन तपासा, कुठे परक्या रक्ताची भेसळ तर नाही ना. पनवेल-पेण-रोह्याहून गेलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या माणसांना तिथे खापरपणजीचा दाखला मागितला गेला. 1964च्या उन्हाळ्यात ही माणसं देशभरातून जेरुसलेमला येऊन धरणं धरून बसली. त्या ऑगस्टमध्ये संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. मग धर्मपीठाने फर्मानातून समाजाचं नाव काढलं.

तुझी आत्या या सगळ्याच्या ऐन मध्यात तिथे उतरली. तिला फोन करून विचार : ‘तेव्हा तुला कुणी काय विचारलं होतं गं?’ आतेभावाबद्दल एक अक्षर काढू नकोस. बोलायला लागली की ऐक. तो शेजारी बसला असेल तर उत्तमच.

पण सगळा दोष तिकडच्या रब्बींच्या माथी मारू नकोस. आपल्या कोकणातच या समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे भेद होते. बाप बेने इस्राएल आणि आई परजातीची, अशांची मुलं काळे इस्राएल ठरत. त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे, जेवणाची भांडीसुद्धा वेगळी असत. आतेभावाच्या तोंडून जे आलं त्यात जेरुसलेमइतकंच हे जुनं रायगडही आहे. जातीच्या देशात राहून जात न लागलेला समाज मी तरी पाहिलेला नाही.

आता 613. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी सिमलाई यांच्या नावावर हा हिशेब आहे : 248 ‘करा’, 365 ‘करू नका’. यातल्या कितीतरी आज्ञा जेरुसलेमच्या मंदिरातल्या बलिदानांच्या आहेत, आणि ते मंदिर इ.स. 70 मध्ये रोमनांनी पाडलं. काही फक्त पुरोहितांच्या, काही राजाच्या, काही त्या भूमीतल्या शेतीच्या. सगळ्या 613 पाळणारा माणूस आज पृथ्वीवर नाही, अश्दोदमध्येही नाही. ‘किती पाळतेस’ हा प्रश्न परीक्षेतल्या मार्कांसारखा विचारला की फसतोच.

समाजात सांगतात ती डेव्हिड राहाबीची गोष्ट तुला ठाऊक असेलच. हे लोक खरंच इस्राएल आहेत का, हे पाहायला आलेल्या त्या पाहुण्याने पुरुषांना प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी घेतली, कारण ज्यूंना तेवढीच चालते, बाकीची बाजूला सारली. खातरी पटली ती चुलीपाशी. तुझी आई रजिस्टर लग्न करून आली, आणि तूच लिहिलंस तसं घर बाबांच्या रीतीने चाललं. ते चालवलं कुणी? बाजारात पापलेट घेऊन कोळंबी-चिंबोऱ्यांच्या पाटीवरून पुढे कोण गेलं? मांसासोबत दूधदुभतं चालत नाही म्हणून मटणाच्या रश्श्याला दही न लावता नारळाचं दूध कुणी काढलं? तिच्यावर यातली एकही आज्ञा बंधनकारक नव्हती. धर्मपीठ तिला ज्यू म्हणणार नाही, ठीक आहे. पण ‘माझ्यामुळे अडलं’ हे तिचं वाक्य तू एक दिवसही तसंच राहू देऊ नकोस. बाबांचं इस्राएलपण इतकी वर्षं तिच्या हातांनी चाललं, हे तिला तोंडाने सांग. घरातली माणसं हे मनात ठेवतात आणि वर्षं निघून जातात.

ऑफिसातल्या त्या गृहस्थाला एकदाच, चारचौघांत, शांतपणे विचार : ‘कशासाठी निवडलं, ते माहीत आहे का?’ त्याला माहीत नसणार. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथच, सांगतो की तुम्ही संख्येने जास्त म्हणून नाही निवडलं, तुम्ही तर सगळ्यांत थोडे. आमोस संदेष्टा देवाच्या तोंडून म्हणतो की सगळ्या कुळांत मी तुम्हालाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या सगळ्या अपराधांचा जाब तुम्हाला विचारीन. तोच पुढे विचारतो, तुम्ही मला कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाच्या, लोकांसारखेच नाही का? आणि रब्बींच्या एका कथेत देव सीनाय पर्वत उचलून लोकांच्या डोक्यावर धरतो : तोरा घ्या, नाहीतर इथेच गाडले जाल. यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही. इतरांनी ज्यू व्हावं अशी मागणीही नाही, त्यांच्यासाठी नोआच्या सात आज्ञा, म्हणजे खून-चोरी करू नका अशा सगळ्या माणसांसाठीच्या, पुरेत.

हेही खरं, की या निवडीचा अर्थ ‘आपलं रक्तच वरचं’ असा लावणारे ज्यू झाले आणि आहेत. बाराव्या शतकातला कवी येहुदा हालेवी त्या बाजूला झुकतो. उलट टोकाला विसाव्या शतकातले अमेरिकन रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन. त्यांना ही कल्पनाच पटेना, म्हणून त्यांच्या मंडळींनी 1945च्या प्रार्थनापुस्तकातून निवडीचे शब्द काढून टाकले. म्हणजे हे भांडण ज्यूंच्या घरातच चालू आहे. तुझ्या सहकाऱ्याने त्यात पडायचं कारण नाही. टोमणा त्यानंतरही चालू राहिला तर लेखी तक्रार कर, धर्मावरून चिडवणं म्हणजे गंमत नव्हे.

धर्मांतराचं म्हणशील, तर आत्ता नको. कायमचं नको असं मी म्हणत नाही. त्यात अभ्यास असतो, तीन जणांच्या धर्मसभेपुढे उभं राहणं असतं, विधीचं स्नान असतं, आणि परंपरावादी मार्गाने गेलीस तर आज्ञा पाळण्याचं वचन. शनिवारी गॅस पेटवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, हे आयुष्यभराचं. रब्बी आधी हेच विचारतात की तुला हे का हवंय. ‘आतेभावाचं तोंड बंद करायला’ हे उत्तर त्यांना चालणार नाही, चालूही नये. पण तुला ज्यू म्हणून लग्न करायचं असेल, मुलं त्या रीतीने वाढवायची असतील, तर जाणत्या रब्बीकडे जा आणि सगळं उघड बोल. एकदा त्या वाटेने आत गेलीस की तू दुय्यम नाहीस. मायमोनिदीस या बाराव्या शतकातल्या थोर ज्यू धर्मशास्त्रकाराने ओबद्या नावाच्या धर्मांतरिताला लिहून कळवलं होतं की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ तूही खुशाल म्हण.

तोवर दिवे लावत राहा. ते लावायला कुणाचं सर्टिफिकेट लागत नाही. आशीर्वादाचे शब्द म्हणताना मन कचरत असेल, तर नुसते लाव आणि बाबांचं नाव घे.

आत्याला फोन रविवारी कर. शनिवारी तिकडे कुणी उचलणार नाही.