यूएसबी डीव्हीडी रायटरवर बॅकअप मध्येच का थांबतो?

आपण लिहिले आहे की, यूएसबीवर चालणाऱ्या पोर्टेबल डीव्हीडी रायटरवर लॅपटॉपचा बॅकअप घेताना पहिली डिस्क व्यवस्थित पूर्ण होते, दुसरी टाकल्यावर मात्र 'राइट एरर' येऊन काम थांबते, कधी ड्राइव्हच संगणकावरून नाहीसा होतो, आणि पूर्ण झालेली पहिली डिस्क दुसऱ्या संगणकात घातली तर ती कोरी दिसते. कोऱ्या डिस्कचा ब्रँड बदलूनही फरक पडला नाही, असेही आपण म्हणता. माझ्या मते येथे दोन स्वतंत्र बिघाड एकत्र दिसत आहेत: लेखन मध्येच तुटते तो एक, आणि लिहिलेली डिस्क नीट बंद होत नाही तो दुसरा.

पहिल्याची चौकशी विजेपासून सुरू करावी. प्रमाणानुसार यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3.0 च्या पोर्टमधून 900 मिलिअँपिअर प्रवाहाची हमी असते. पातळ पोर्टेबल रायटरची मोटर डिस्कला वेग देते त्या क्षणी, किंवा लेसर लिहायला लागतो तेव्हा, ड्राइव्हची गरज याच्याही पुढे जाऊ शकते. वाचताना लेसरला फारच कमी शक्ती लागते, त्यामुळे तोच ड्राइव्ह त्याच पोर्टवर चित्रपट विनातक्रार दाखवतो आणि लिहायला घेतले की कोलमडतो. म्हणून 'वाचतो तर नीट' एवढ्यावरून वीजपुरवठा पुरेसा आहे असे मानता येत नाही. याची खूण कानाला कळते: ऐन लेखनात ड्राइव्हचा दिवा विझतो, आतून 'टक' असा आवाज येऊन फिरणे मंदावते, विंडोज यूएसबी साधन निघाल्याचा सूर वाजवते आणि काही सेकंदांत पुन्हा जोडल्याचा. प्रोग्रॅमला एवढेच समजते की लिहिता आले नाही, आणि तो खापर डिस्कवर फोडतो.

यावर उपाय साधे आहेत. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची यूएसबी केबल आली असेल, तर तिची दोन्ही टोके संगणकाला जोडावीत. दुसरे टोक केवळ विजेसाठी असते आणि म्हणूनच अनेक जण ते मोकळे सोडतात. तशी केबल नसेल तर स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब वापरावा. अॅडॉप्टर नसलेला हब आणि लांबलचक एक्स्टेंशन केबल या दोन्ही गोष्टी काढून टाकाव्यात. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलऐवजी मागचा पोर्ट निवडावा.

बंद पडलेली डिस्क फेकण्यापूर्वी ती उजेडात तिरकी धरून खालची बाजू पाहावी, असे मी आवर्जून सुचवेन. लेखन मधल्या भोकाजवळून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते आणि लिहिलेल्या भागाची छटा कोऱ्या भागाहून किंचित वेगळी दिसते, त्यामुळे काम कुठवर पोहोचले होते ते वर्तुळाकार सीमारेषेवरून चक्क डोळ्यांनी दिसते. सीमारेषा अगदी आतच थांबली असेल, तर बिघाड लेखनाच्या आरंभीचा आहे. लिहिण्यापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या राखीव पट्ट्यात चाचणी घेऊन लेसरची तीव्रता ठरवतो, आणि ती ठरवता आली नाही की 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येतो. अशा वेळी ब्रँड बदलून पाहणे खरोखर उपयोगी पडते. प्रत्येक डिस्क बाहेरच्या कडेजवळच अडखळत असेल, तर डिस्क काठोकाठ भरणे टाळावे आणि वेग उतरवावा. सीमारेषा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी असेल, तर वीज, केबल किंवा पोर्ट यांवर संशय घ्यावा. आपण ब्रँड बदलूनही फरक पडलेला नाही आणि ड्राइव्ह अधूनमधून नाहीसा होतो, त्यावरून आपले प्रकरण या शेवटच्या गटातले वाटते.

पहिली डिस्क पार पडून दुसरीच का अडते, याला आणखी दोन कारणे असू शकतात. बॅकअपचा प्रोग्रॅम पुढच्या डिस्कचा मजकूर आकसून तयार करत असताना ड्राइव्ह रिकामा बसतो, आणि त्या अवधीत विंडोजची वीज वाचवण्याची सोय त्याला झोपवू शकते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत मांडणीत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून ठेवावे. दुसरे असे की, कोरी डिस्क आत जाताच ती कशी वापरायची हे विंडोज विचारते. तेथे फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरण्याचा पर्याय घाईत निवडला गेला, तर विंडोज ती डिस्क फॉरमॅट करून टाकते आणि बॅकअप प्रोग्रॅमच्या लेखी ती कोरी राहत नाही. ती खिडकी सरळ रद्द करावी.

पहिली डिस्क इतरत्र कोरी दिसण्याचे मूळही बहुधा याच पर्यायात असेल. त्या पद्धतीने लिहिलेल्या डिस्कचे सेशन (म्हणजे लेखनाची एक फेरी) बंद व्हावे लागते, आणि विंडोज ते साधारणपणे 'इजेक्ट' म्हटल्यावर बंद करते. त्याआधीच केबल उपसली, की डिस्क मूळ ड्राइव्हवर वाचली जाते पण दुसरीकडे उघडत नाही. ती पुन्हा मूळ संगणकात घालून ड्राइव्हवर उजवी क्लिक करावी आणि 'क्लोज सेशन' निवडून पाहावे. प्रोग्रॅममधून लिहीत असाल तर 'फायनलाइज' (शेवटी डिस्क बंद करण्याचा पर्याय) चालू आहे ना, तेवढे तपासावे.

आता माझा मुख्य सल्ला. बॅकअप तयार करणे आणि तो डिस्कवर उतरवणे ही कामे एकाच दमात करू नयेत. आधी संपूर्ण बॅकअप हार्ड डिस्कवर तयार करावा आणि मग सावकाश एकेक डिस्क लिहावी, म्हणजे तिसरी डिस्क बिघडली तरी फक्त तिसरीच पुन्हा लिहावी लागते. सेव्हन-झिप या फाइली आकसून त्यांचा एक संग्रह करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये संग्रहाचे तुकडे पाडण्याची सोय आहे. त्यात डीव्हीडीसाठी 4480 एमबी हा तयार आकडा दिलेला असतो, परंतु तो डिस्क जवळजवळ कडेपर्यंत भरतो. शिवाय डिस्कवर फाइली मांडण्याच्या जुन्या आयएसओ 9660 रचनेत 4 जीबीहून मोठी फाइल अडचणीची ठरते. म्हणून मी 2000 एमबीचे तुकडे पाडून एका डिस्कवर दोन ठेवतो. थोडी जागा वाया जाते, ती जाऊ द्यावी. (डिस्कवर 4.7 जीबी छापलेले असते ते दशमान हिशेबाने. विंडोज तीच जागा सुमारे 4.38 जीबी अशी दाखवते, त्यामुळे 'बसायला हवे होते' हा घोळ होतो.) लिहिण्याचा वेग 4 पट (4x) ठेवला तर भरलेली डिस्क सुमारे पंधरा मिनिटांत लिहून होते, आणि तेवढा वेळ द्यावा.

लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' चालू ठेवावेच, पण त्यावर थांबू नये, कारण तो पडताळा तोच ड्राइव्ह करतो आणि स्वतःचे लेखन त्याला सहज वाचता येते. डिस्क दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून तुकडे तेथे उतरवून घ्यावेत आणि विंडोजच्या 'सर्टयूटिल' या आज्ञेने दोन्हीकडचा एसएचए-256 (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून पाहावा. एकही तुकडा गेला तर बहुतेक वेळा पूर्ण संग्रह उघडत नाही, त्यामुळे छायाचित्रे आणि कागदपत्रे यांचे वेगवेगळे छोटे संग्रह करणे शहाणपणाचे आहे. संपूर्ण लॅपटॉपची प्रतिमा (विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब प्रत) डीव्हीडीवर घेण्याच्या फंदात मात्र पडू नये: 100 जीबीला किमान 22 डिस्क लागतात आणि त्या कामाला हार्ड डिस्कच योग्य.

एवढे करूनही ड्राइव्ह दिसेनासाच होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. तेथे पिवळी खूण आणि कोड 19 किंवा 39 दिसत असेल, तर काढून टाकलेल्या एखाद्या बर्निंग (डिस्क लिहिण्याच्या) प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, मागे ठेवलेल्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी कारणीभूत असण्याचा संभव मोठा आहे. रजिस्ट्रीची प्रत आधी जपून ठेवल्याशिवाय त्यांना हात लावू नये. आणि दुसऱ्या संगणकावर, पुरेशी वीज देऊन, कमी वेगानेही तोच ड्राइव्ह लिहिताना अडत असेल, तर त्याचा लेसर थकला आहे असे समजावे आणि दुरुस्तीच्या नादी न लागता नवा घ्यावा.