बर्ड फ्लूची झटपट तपासणी करणारी किट शेडवर आणून ठेवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळ दोन हजार ब्रॉयलरची शेड आहे, पंधरा मिनिटांत बर्ड फ्लू सांगणारी किट ऑनलाइन दिसते, ती घेऊन ठेवली तर डॉक्टरांची वाट बघायला नको ना?

घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण ज्या कामासाठी घेताय ते काम ती किट करत नाही. मी घेतली होती, म्हणून सांगतोय.

माझी शेड बेळगावच्या खानापूर तालुक्यात आहे. कंपनीची नाही, स्वतःच्या पैशाची, 1,800 पक्षी. 2021 चा जानेवारी. परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघालेला, केरळातूनही बातम्या येत होत्या, गोव्याचे गिऱ्हाईक फोन उचलेनात. नेमकी तेव्हाच माझी बॅच चोवीस दिवसांची असताना मरतूक वाढली. आदल्या दिवशी चार, मग अकरा, मग चाळीस. माझ्या पोटात गोळाच आला. मेव्हण्याने कुठूनतरी तीन किट आणून दिल्या, ‘दवाखान्यात गेलास तर सगळी शेड मारून टाकतील, आधी घरात बघ’ म्हणाला.

बघितलं. तीन पक्षी धरले, घशात काडी फिरवली, गुदद्वारातही फिरवली, काडी नळीतल्या पाण्यात ढवळली आणि पट्टीवर थेंब टाकले. ‘सी’पाशी, म्हणजे पट्टी चालते हे सांगणारी, लाल रेघ आली; ‘टी’पाशी, म्हणजे रोग असेल तर रेघ येते तिथं, कोरं. बायकोला हाक मारून सांगितलं, देव पावला. त्या रात्री झोपसुद्धा लागली.

सकाळी सत्तर मेलेले. दोघा-तिघांच्या माना पिळल्यासारख्या झालेल्या, हिरवी पातळ विष्ठा. मग मात्र जनावरांच्या दवाखान्यात पळालो. पट्टी खिशातच होती, डॉक्टरांपुढे ठेवली. ते पट्टीकडे बघेनातच. पहिला प्रश्न केला, ‘काडी कुठल्या पक्ष्यात घातलास?’ मी म्हटलं, उभे होते त्यांच्यात. पडलेल्यांना हात लावायची भीती वाटली.

‘मग तू बऱ्या कोंबडीला विचारलास तुला ताप आहे का.’

त्यांनी मग जे समजावलं ते असं. ही पट्टी विषाणूच्या आतलं एक प्रथिन पकडते आणि पकडायला ते भरपूर लागतं. आजारी किंवा नुकत्याच मेलेल्या पक्ष्याच्या घशात ते असतं. लागण नुकती झालेल्या, अजून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यात नसेलही. प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचा जनुकीय तुकडा वाढवत वाढवत नेते, म्हणून तिला थोडकासा पुरतो. पट्टीला वाढवता येत नाही, जे समोर आहे तेवढंच तिला दिसतं. म्हणून एका पक्ष्यावरून शेडचा निकाल लावायचा नसतो, पाच-सहा पडलेले किंवा ताजे मेलेले बघायचे. आणि तरीही कोरी पट्टी म्हणजे ‘नाही’ नव्हे. बदकं पाळत असाल तर आणखी सावध राहा. त्यांच्या अंगात विषाणू असून ती मजेत पोहत असतात.

‘टी’ची रेघ उमटली तरी प्रश्न सुटत नाहीच. बऱ्याच किट फक्त ‘इन्फ्लुएन्झा ए’, म्हणजे विषाणूंचा अख्खा गट, एवढंच सांगतात; त्यातला घातक एच5 आहे की दुसरं काही ते सांगत नाहीत. एच9एन2 नावाचा सौम्य प्रकार आपल्याकडच्या कोंबड्यांत कित्येक वर्षं फिरतोय, त्यालाही तीच रेघ येते. तुम्ही तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकलात की निपाणीपासून कोगनोळी नाक्यापर्यंत कुणाची कोंबडी विकली जायची नाही. सरकार काही या रेघेवरून शेड मारत नाही. नमुना आपल्याकडून बेंगळुरूला हेब्बाळला जातो आणि शेवटचा शब्द भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. माझा मेव्हणा महाराष्ट्रात, चंदगडला, त्याचा नमुना पुण्याला औंधला जाईल. सीमा कशीही आखा, दोन्हीकडचे कागद शेवटी भोपाळलाच जातात. (आपल्याकडचा फॉर्म कन्नडमध्ये असतो, दवाखान्यातल्या कंपाउंडरला भरायला लावा, लाजू नका.)

आता मेव्हण्याच्या भीतीबद्दल, कारण तुमच्याही मनात तीच असणार. बर्ड फ्लू पक्का झाला तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात, हे खरं. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. तुमच्या शेडमध्ये आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे किट घेऊन घरात चार दिवस काढले तर तेवढे पक्षी भरपाईतून गेले. शिवाय 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे असा संशय आला की ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. लपवून तुम्हीच अडचणीत येता. 1962 या जनावरांच्या मदतीच्या नंबरला फोन केला तरी चालतो.

डॉक्टर येईपर्यंत मेलेला पक्षी फाडून बघू नका. आपल्याकडे कुणीतरी हौशी असतोच, ‘पोट फाडून सांगतो’ म्हणणारा, त्याला शेडच्या दारातच अडवा. माणसालाही लागण होऊ शकते. तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला, शेडचे कपडे-चपला शेडवरच ठेवा. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा कुत्र्यांना टाकू नका. पाठवायचा पक्षी अख्खाच दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा, कसा पाठवायचा ते डॉक्टरच ठरवतील. आणि राहिलेले पक्षी स्वस्तात काढून टाकायचा मोह होईल. मला झाला होता, टेम्पोवाल्याला फोनही लावला होता. एक पक्षी हलवू नका.

माझ्या शेडचा अहवाल आला तेव्हा बर्ड फ्लू नव्हताच. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. लस तर मी दिलेली. सोळाव्या दिवशी लासोटाचा डोस पाण्यातून, स्वतःच्या हाताने. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? टाकीतलं. टाकीत काय? आदल्या दिवशीच ब्लीचिंग पावडर टाकली होती. क्लोरीनने लस मेली आणि मी पक्ष्यांना नुसतं पाणी पाजलं. सहाशे गेले.

म्हणून तुम्हाला विचारतो, तुमची पिल्ली आता किती दिवसांची आहेत? लासोटा दिलात का, आणि कुठल्या पाण्यातून? विहिरीचं, ब्लीचिंग न टाकलेलं असेल तर ठीक. नळाचं असेल तर त्यातल्या क्लोरीनचा जोर मोडायला पुढचा डोस द्यायच्या आधी दुधाची पावडर मिसळायचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.