आगगाडी थांबेल, पॉलिसीची मुदत थांबणार नाही

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, हातात येणारा पगार १ लाख १० हजार, पत्नी सध्या घरी, गृहकर्ज ४८ लाख बाकी. लेक पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होते आहे. तिच्यासाठी अमेरिकेहून आलेला ३२,००० रुपयांचा इलेक्ट्रिक ट्रेन सेट घ्यावा की तीन हजारांचा लाकडी, एवढाच प्रश्न आहे. दुकानदाराने त्यांना सांगितलंय की असे सेट ‘कलेक्टर्स आयटम’ असतात, पंधरा वर्षांनी दुप्पट भाव येतो, आणि बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआयही आहे. शेवटी जाता जाता एक ओळ: ‘तिच्या शिक्षणाची काळजी मिटली आहे. बँकेतल्या मॅडमनी तिच्याच नावाने चाइल्ड प्लॅन करून दिला, वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं. अठरा वर्षांनी २२ लाख हमखास.’ सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

तो फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. पॉलिसी तुम्हाला ईमेलवर मिळाल्याला आज चोवीस दिवस झाले. पटली नाही तर ती परत करायला तीस दिवस असतात (यालाच ‘फ्री लूक’ कालावधी म्हणतात), म्हणजे सहा उरले. ट्रेनचं उत्तर शेवटी देतो. आधी हे.

फोटोत ‘विमित व्यक्ती’ या रकान्यात लेकीचं नाव आहे. तुमचं नाव फक्त ‘प्रस्तावक’ म्हणून आहे आणि रायडरच्या, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या जादा कवचाच्या, रकान्यात काहीच नाही. याचा अर्थ लेकीला काही झालं तर तुम्हाला १२ लाख मिळतील. तुम्हाला काही झालं तर लेकीला काय मिळेल? पुढच्या हप्त्याची नोटीस. हप्ता भरणारा गेल्यावर पुढचे हप्ते माफ व्हावेत यासाठी वेगळा रायडर लागतो आणि तो घेतलेलाच नाही. तीन वर्षांच्या मुलीच्या कमाईवर कोणाचं घर चालतं म्हणून तिचा विमा उतरवायचा? विकणाऱ्याला हे कळत नाही असं मला वाटत नाही.

आता ‘हमखास’ २२ लाख. भरायचे १२ लाख, मिळणार २२ लाख, ऐकायला जवळजवळ दुप्पट. पण पहिला हप्ता अठरा वर्षं अडकतो आणि शेवटचा नऊ वर्षं. हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. महागाई सहा टक्के धरली तर त्या २२ लाखांची किंमत आजच्या पावणेआठ लाखांएवढी. एवढ्या पैशांत शिक्षणाची काळजी मिटत नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, त्यामुळे या हप्त्यावर वजावटही नाही.

मुलगी आहे, तर सुकन्या समृद्धी खातं आहेच. पोस्टात किंवा बँकेत उघडतं, सध्याचा व्याजदर ८.२ टक्के. हेच १ लाख २० हजार दहा वर्षं भरले तर अठरा वर्षांनी ३५ लाखांच्या पुढे जातात. दर तीन महिन्यांनी सरकार दर ठरवतं, तो खाली येऊ शकतो. सरासरी सातच धरली तरी ३० लाख होतात. अकराव्या ते पंधराव्या वर्षी खातं चालू ठेवायला वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, ते विसरू नका. मुदत उघडल्यापासून एकवीस वर्षं आहे, पण मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते.

पॉलिसी परत करायची ती अशी. अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेकडे नाही. कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवा आणि मुंबईतल्या शाखेत जाऊन छापील प्रतही द्या. विषयात ‘फ्री लूक कालावधीत पॉलिसी रद्द करण्याबाबत’ असं लिहा. पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख आणि कारण एका ओळीत द्या. सोबत रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र. पोच घेताना शिक्का आणि तारीख बघून घ्या. कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीची रक्कम परत करते. तुमच्या बाबतीत कपात किरकोळ असेल. खात्यावर पुढच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट लावला असेल तर तोही बंद करा. बँकेतल्या मॅडम ‘पुढच्या आठवड्यात सरांशी बोलून सांगते’ म्हणतील. पुढच्या आठवड्यात तीस दिवस संपलेले असतील, म्हणून त्यांच्या फोनची वाट बघू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

एरवी मी सांगतो की नवं विमाकवच हातात येईपर्यंत जुनं सोडू नका. इथे ते लागू नाही, कारण या पॉलिसीत तुमच्या आयुष्याचं कवच नाहीच.

तुमचं खरं कवच किती? तुम्ही नोकरी करता त्या कंपनीकडून मिळालेलं १० लाखांचं, नोकरी बदलली की तेही संपलं. कर्ज ४८ लाख. घरखर्च कर्जाचा हप्ता सोडून महिना ५० हजार, म्हणजे पंधरा वर्षांचे ९० लाख. शिक्षणाचे १५ लाख. दीड कोटींचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठाव्या वर्षापर्यंत घ्या. तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर हप्ता वर्षाला २० ते २५ हजारांच्या घरात येईल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. अर्ज भरताना विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ याखाली पॉलिसी मागा, पत्नी आणि मुलगी लाभार्थी. मग त्या पैशांवर कर्ज देणाऱ्या बँकेला हात टाकता येत नाही. हे घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही. आणि ‘पैसे परत मिळणारा’ टर्म कोणी दाखवला तर सरळ नाही म्हणा.

१ लाख २० हजारांतून २५ हजार टर्मला गेले, ९५ हजार उरले. ते महिन्याला आठ हजार करून सुकन्यात, महिन्याच्या पाच तारखेच्या आत, कारण व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. ९५ हजारांनीही आजच्या दराने अठरा वर्षांत २७ लाखांच्या पुढे जातात. टर्मचा हप्ता पुढेही भरावा लागेल, ते खरं. पण त्याच्यामुळे तुमच्या माघारी कुटुंब रस्त्यावर येणार नाही.

आता ट्रेन. ३२,००० चा सेट एचओ मापाचा आहे: १:८७ प्रमाण, रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर. अशा सेटच्या खोक्यावर बहुधा १४ वर्षांपुढील असं लिहिलेलं असतं, आणि ते उगाच नाही. तीन वर्षांचं मूल इंजिन मुठीत धरून जमिनीवर घासत नेतं. डबे जोडणाऱ्या कपलिंगच्या नाजूक दांड्या पहिल्या दिवशी तुटतात, चाकांच्या आसात केस आणि धूळ गुंडाळली जाते. रुळातूनच वीज जात असल्याने रूळ पुसलेले नसले की गाडी अडखळते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते सारखे पुसावे लागतात. १८ इंच त्रिज्येचा साधा लंबगोल मांडायला जवळपास पावणेपाच फूट बाय सव्वातीन फूट जागा लागते; तुमच्या वन बीएचकेमध्ये ती रोज मांडायची आणि रोज उचलायची. सेट अमेरिकेचा आहे, म्हणजे अडॅप्टर १२० व्होल्टचा असण्याची शक्यता मोठी. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च दुकानदाराने धरला आहे का, विचारा.

दुप्पट भावाचं म्हणाल, तर त्या बाजारात भाव येतो तो न उघडलेल्या दुर्मिळ खोक्यांना, ढिगाने निघणाऱ्या स्टार्टर सेटना नाही. खोकं बंदच ठेवायचं तर लेकीला काय द्यायचं? नो-कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी.

लाकडी सेट घ्या. आठ मोठे वळणाचे तुकडे म्हणजे पूर्ण वर्तुळ, बाहेरून दीड फुटाच्या आत, सोफा आणि टीव्हीच्या मधे मावतं. सरळ तुकडे, एक पूल आणि दोन फाटे असले की तीन-चार वर्षं पुरतं. बहुतेक लाकडी ब्रँडांचे रूळ एकमेकांना जुळतात, त्यामुळे तुर्भ्याच्या आयकियातला सेट घेऊन पुढे दुसऱ्याचे तुकडे जोडता येतात. प्लॅस्टिक रुळांचं तसं नसतं, खाच तुटली की सुटा तुकडा मिळत नाही. खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा, खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. डबे चुंबकाने जुळतात, म्हणून चुंबक नखाने उचकटतोय का ते तपासा; दोन चुंबक गिळले गेले तर आतडं चिमटतं. डबे दोन्ही बाजूंनी जुळतात का तेही दुकानातच बघा. काही स्वस्त सेटमध्ये उलटा डबा लावला की तो ढकलला जातो आणि मूल रडायला लागतं.

बॅटरीचं इंजिन आत्ता नको. चौथ्या वाढदिवसाला घ्याल तेव्हा बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवा आणि आत बटन सेल नको, पेन्सिल सेल चालतील.