नातं टिकतं ते प्रेमामुळे की करुणेमुळे?

प्रश्न सोपा वाटतो, पण मला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. बाबा आणि साधनाताई आमट्यांचंच बघा.

नागपुरात एका लग्नघरी सगळे गडबडीत असताना एक मुलगी हळूच मागे जाऊन दमलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. ते बाबांनी पाहिलं आणि लग्न करायचं तर हिच्याशीच, असं ठरवलं. 1946 मध्ये लग्न झालं. म्हणजे प्रेमाची सुरुवातच दुसऱ्याविषयीच्या कणवेतून.

आणि बाबा काही जन्मजात संत नव्हते हो. वरोऱ्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून ते आधी घाबरून पळाले होते. ती भीती स्वतःलाच खुपली, म्हणून परत फिरले. मला हा परत फिरण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. संसारातही आपण चिडून, कंटाळून पळतोच की. फक्त परत यायला लाज वाटते.

पुढे 1951 मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये घेऊन ही जोडी आनंदवनात राहायला गेली. घरच्यांनी टाकलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, एकमेकांशी लग्नंही केली. रक्ताची नाती तुटली होती. नवी जुळली ती सोबत राबताना.

2008 मध्ये बाबा गेले, तोवर 61 वर्षांचा संसार झाला होता. त्यात भांडणं झाली नसतील असं मला तरी वाटत नाही.