बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि लाल उजेड

प्रश्न : मुलगी जळगावला एमएस्सी केमिस्ट्री करतेय. ती म्हणते, धातूचं एक कॉम्प्लेक्स (धातूभोवती दुसरे रेणू बांधलेलं संयुग) असं असतं की पाण्यात फ्लोराइड असलं तर ते यूव्ही दिव्याखाली लाल चमकतं. धातू चमकतो कसा काय? आणि आमच्या बोअरचं पाणी त्याने तपासता येईल का?
– एक वाचक, यावल

उत्तर : दादा, पोरगी बरोबर सांगतेय. तो धातू बहुतेक युरोपियम असणार, त्याचा लाल उजेड ६१५ नॅनोमीटरच्या आसपास असतो (टर्बियम असेल तर हिरवा). पण युरोपियमला स्वतःहून उजेड फारसा पकडता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती एक सेंद्रिय रेणू बांधतात, तो यूव्ही पकडतो आणि ऊर्जा आत धातूला देतो, त्याला अँटेना म्हणतात. आता धातूला पाण्याचे एक-दोन रेणू चिकटलेले असतात ना, ते ही ऊर्जा स्वतःच्या थरथरण्यात खाऊन टाकतात. केळीच्या बागेत ठिबकची नळी मध्येच फुटली की शेवटच्या खोडापर्यंत पाणी जात नाही, तसंच. फ्लोराइड येऊन त्या पाण्याला हटवून धातूला चिकटलं की गळती थांबते आणि उजेड वाढतो.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे वेळ. रक्त, पेशी यूव्हीत स्वतःही थोड्या चमकतात पण ती चमक नॅनोसेकंदात विझते, युरोपियमची मात्र मिलिसेकंदापर्यंत टिकते, म्हणून मशीन जरा थांबून मोजतं आणि मागे फक्त कामाचा उजेड उरतो. शरीरातलं फॉस्फेट, बायकार्बोनेट, एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) शोधायला असेच रेणू बनवतात.

अडचणही तिथेच आहे, बायकार्बोनेट बोअरच्या पाण्यात भरपूर असतं आणि तेही धातूला चिकटू शकतं, मग उजेड नेमका कोणामुळे वाढला ते कळत नाही. त्यामुळे घरच्या तपासणीसाठी याच्यावर अवलंबून राहू नका. काचेच्या नाही, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून सरकारी पाणी तपासणी लॅबमध्ये द्या. तिथे इलेक्ट्रोडने मोजतात, नाहीतर झिर्कोनियमचा लाल रंग वापरतात, त्यातलं झिर्कोनियम फ्लोराइड ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. गल्लीतल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे (जास्त फ्लोराइडची खूण असू शकते) दिसत असतील तर या आठवड्यातच बाटली पाठवा.