भीष्मांच्या मागे कूलर?

प्रश्न : २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर जुनं महाभारत परत लागलं तेव्हा भीष्मांच्या मागे चक्क कूलर दिसतोय असा फोटो फिरत होता, आमच्या पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यावर अजून त्यावरून पैजा लागतात, खरं काय ते एकदा सांगून टाका.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कूलरवाले हरले बघा! तो सेटवरच्या खांबाचा भाग, बाकी सगळा मोबाइलवरच्या धुरकट फोटोचा घोटाळा. खऱ्या चुका फार बारीक असतात. एकाच प्रसंगाचे शॉट कधीकधी वेगवेगळ्या दिवशी घेतात, मग डाव्या खांद्यावरचं उपरणं पुढच्याच शॉटला उजव्या खांद्यावर जातं, समईची वात तर मध्येच लहान होऊन परत मोठी होते (हे आम्ही हमखास बघतो, घरचे वैतागतात). म्हणून सेटवर कंटिन्युइटीचा (म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते बघणारा) माणूस वही घेऊन बसलेला असतो, पण ९४ भागांच्या मालिकेत तो तरी कुठं कुठं पुरणार!